अध्यक्षांचा अभिप्राय

साहित्याला काळाचं बंधन नसतं. जबलपूरच्या मराठी मंडळींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या मंडळाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडायला होळी उजाडत असे, आणि ज्यांचं नाव यादीत शेवटी असे त्यांच्या घरी तो पोळ्याच्या सुमाराला पोचे. फराळाच्या विनोदांवर ते बैलांच्या संगतीत हसत.

अंक छापील नव्हता. गावात छापखाने होते, पण सगळे हिंदी. त्यांच्याकडे ‘ळ’चे खिळे नव्हते, आणि ‘ळ’शिवाय मराठी साहित्य संभवत नाही असं अध्यक्षांचं मत होतं. म्हणून अंक हस्तलिखित निघे. एकच प्रत. मुखपृष्ठावर ड्रॉइंग मास्तरांनी काढलेला भेडाघाट, वर चंद्र. दर वर्षी तोच भेडाघाट, चंद्र मात्र थोडा इकडे-तिकडे. आत लेख, कथा, कविता, आणि शेवटी वाचकांच्या अभिप्रायासाठी सोडलेली कोरी पानं. ही एक प्रत घरोघर फिरे. फिरण्याचा क्रम ठरलेला होता: आधी अध्यक्ष, मग कॉलेजचे प्राध्यापक, मग वकील आणि डॉक्टर, मग शाळामास्तर, मग कारखान्यातले आणि रेल्वेतले कारकून. लेखक स्वतः कारकून असला तर त्याला आपला लेख सर्वांत शेवटी वाचायला मिळे.

त्या काळी आमचं गाव विद्येचं गाव म्हणून ओळखलं जाई. राज्यकारभार नागपूरला, विद्या जबलपूरला, असं जबलपूरचे लोक म्हणत. नागपूरचे लोक काय म्हणत ते आम्ही विचारलं नाही. मध्यप्रांतातली बरीच कॉलेजं इथे होती, त्यामुळे दर तिसऱ्या घरात कुणीतरी कशावर तरी व्याख्यान तयार करत बसलेला असे. हिंदीवाल्यांच्या कविसंमेलनाला मैदान भरायचं, टांगेवालेसुद्धा घोडे सोडून ऐकायला उभे राहायचे. आमच्या सभेला सतरंजी भरत नसे. पण आमच्यात अध्यक्षीय भाषण त्यांच्यापेक्षा मोठं होई, आणि तेवढ्यावर आम्ही समाधान मानत होतो.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजीचा कनिष्ठ शिक्षक होतो. माझं अक्षर चांगलं होतं. चांगल्या अक्षराचा तोटा असा की, हा माणूस कधी स्वतःहून काही लिहीत असेल अशी शंका कुणाला येत नाही. मंडळाने मला लेखनिक केलं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी इतरांचे लेख सुवाच्य करत बसे. सुवाच्य केल्याने लेख सुधारत नाही हे मला फार लवकर कळलं, पण ते सांगण्याची जागा मंडळात नव्हती.

त्या वर्षी अंकात एकच चांगली गोष्ट होती आणि ती माझ्या वहिनींनी लिहिली होती.

दादा सरकारी हायस्कुलात मास्तर. वहिनी वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा त्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता, आणि पहिलं वर्षभर त्यांनी गोलबाजारात बोट दाखवून भाजी आणली. कथा त्याच्यावरच होती. वऱ्हाडातून आलेली एक नवी सून. बोट दाखवते आणि काय मिळेल ते घेऊन घरी येते. कारली हवी असतात, भोपळा मिळतो. सासूला वाटतं हिला भोपळाच आवडतो. शेवटी एके दिवशी ती भाजीवाल्याशी भांडते, अशुद्ध हिंदीत, बाजारभर ऐकू जाईल असं. आणि घरी येताना तिच्या लक्षात येतं की आज आपण माहेरची आठवण न काढता परत आलो. बस, एवढंच. मी ती उतरवून काढताना दोन ठिकाणी लेखणी थांबवून हसलो आणि एका ठिकाणी नुसताच थांबलो.

दादाने शाळेतून आणलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांनी ती लिहिली होती. माझी नक्कल पुरी झाल्यावर त्यांनी ते कागद बंबात घातले. अंकात आलं ना आता, मग हे कशाला सांभाळायचं, असा त्यांचा विचार. बंबाला कागद लागतोच.

अंकात बायकांची नावं देण्याचा प्रघात नव्हता. कुणीही लिहिलं तरी खाली ‘एक भगिनी’ एवढंच. त्या वर्षी तीन भगिनी होत्या. त्यांतल्या एकीने लिंबाच्या लोणच्यावर लिहिलं होतं. वहिनींना मात्र नाव नसण्याचं दुःख नव्हतं, उलट ते त्यांच्या पथ्यावर पडलं. त्यांचे वडील अमरावतीला निवृत्त मास्तर होते. मुलीला त्यांनीच ओसरीवर बसवून लिहायला शिकवलं होतं. पोरांच्या निबंधाच्या वह्या नाव झाकून त्यांच्यासमोर धरल्या तरी दोन ओळींत ते सांगत, हा अमक्याचा. आता त्यांना मोतीबिंदू झाला होता. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसरा चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, पिकू द्या, मग काढू. तोपर्यंत ते सकाळच्या उन्हात अंगणात खुर्ची टाकून भिंगाने नागपूरचं एक मासिक वाचत, पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत.

त्या मासिकाचे संपादक त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला विद्यापीठाच्या कामासाठी जबलपूरला आले. गावात आलेल्या प्रत्येक लेखकाला भेडाघाटला नेऊन संगमरवराचे कडे दाखवायचे, हा आमच्या वाङ्मयीन जीवनाचा मुख्य कार्यक्रम होता. लेखकाने होडीत बसून ‘वा’ म्हणायचं आणि आम्ही ते कडे आपणच तासल्यासारखं संकोचायचं. नावाड्याच्या बडबडीत थोडी फट मिळाली तेव्हा मी संपादकांना वहिनींची कथा सांगितली. कोण लिहिते ते सांगितलं नाही. भोपळ्याशी ते हसले. शेवट ऐकून कड्यांकडे बघायचं विसरले.

“पाठवा,” ते म्हणाले. “संक्रांतीच्या आत हाती पडली तर वर्षारंभाच्या अंकात घेतो, आमचं वर्ष फेब्रुवारीपासून. सांगितली तशीच लिहिली असेल तर.”

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही, पण पोळी चौकोनी झाली.

“बाबांना सांगायचं नाही बरं का, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मला पाहायचं आहे, ओळखतात का. अजून एक डोळा आहे तोवर.”

आता राहिलं होतं फक्त अंकातून कथा उतरवून घेणं. एका दुपारचं काम. पण मी भेडाघाटला होडीत बसलो होतो त्याच सकाळी अंकाची जिल्द बांधून झाली होती आणि रिवाजाप्रमाणे तो अध्यक्षांच्या बंगल्यावर गेला होता.

अध्यक्ष शिक्षणखात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सरकारने रावसाहेब केलेले. खात्यात अजून त्यांचा शब्द चाले. अंक प्रथम त्यांनी वाचायचा, मागच्या कोऱ्या पानांवर अध्यक्षीय अभिप्राय लिहायचा, आणि तो लिहून होईपर्यंत अंक दुसऱ्या कुणी उघडायचा नाही, असा नियम होता. नियम त्यांनीच केला होता. दर वर्षी अभिप्राय असे तो एवढाच: ‘अंक वाचला. प्रयत्न स्तुत्य.’ तरी त्याला दिवाळीपासून माघापर्यंत वेळ लागे. त्या वर्षी मात्र, आमच्या दुर्दैवाने, त्यांना एक कथा खरोखरच आवडली.

मी नेपियर टाउनला त्यांच्या बंगल्यावर गेलो. नोकराने फाटकातच सांगितलं, “साहब अभिप्राय में हैं, भैया.” जसं कुणी पूजेत असावं. मी व्हरांड्यात बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, बोटांना शाई, चेहऱ्यावर समाधी. म्हणाले, यंदा एका भगिनीने फार वेगळी कथा लिहिली आहे. तिच्यावर चार ओळी लिहून भागणार नाही. मी म्हटलं, आनंद आहे, पण ती कथा मला उतरवून न्यायची आहे, नागपूरला मागितली आहे. त्यांनी मागणीबद्दल समाधान व्यक्त केलं आणि आपण लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवला. त्यात ते वेदकाळातल्या आख्यानांपर्यंत आले होते.

आठवड्याने गेलो तेव्हा ते संस्कृत कथांमध्ये होते. पुढच्या आठवड्यात महानुभावांत. मार्गशीर्षात ‘स्त्री म्हणजे काय’ या प्रश्नापाशी पोचले आणि तिथे बरेच दिवस अडले. गोलबाजार अजून फार लांब होता. मी विनवून सांगितलं की मी इथेच व्हरांड्यात बसून नक्कल करतो, अंक बंगल्याबाहेर नेत नाही, तुमच्या लेखनात काही व्यत्यय येणार नाही. रावसाहेबांनी चष्मा काढला.

“तपासणी चालू असताना वही मुलाच्या हाती देत नसतात,” ते म्हणाले.

मी कथा लिहिलेली नाही, आणि लिहिणारी मूल नाही, असं सांगावंसं वाटलं. ‘बरं’ म्हटलं. जबलपूरच्या साहित्यजीवनात मी उच्चारलेल्या शब्दांत हा एक शब्द सगळ्यांत जास्त वेळा आलेला आहे.

घरी दादाला म्हटलं, तू एकदा चल माझ्याबरोबर, तुझ्या बायकोची कथा आहे. दादाचं नाव त्या वर्षी हेडमास्तरकीसाठी वर गेलं होतं. तो म्हणाला, “तू काहून मधात पडून राहिला? त्यांना कथा आवडली ना? मग अजून काय पाहिजे?” हे त्याने वाईट हेतूने म्हटलं नाही. ज्याला रावसाहेबांचं आवडणं पुरेसं वाटत नाही असा माणूस त्याने शिक्षणखात्यात पाहिलाच नव्हता.

मग मी वहिनींना पुन्हा लिहून काढायला सांगितलं. त्यांनी दोन दुपारी प्रयत्न केला आणि कागद माझ्यापुढे टाकले. वाचले. सगळं होतं, भाजीवाला होता, भोपळा होता, पण सातवीच्या पुस्तकातला धडा वाटत होता.

“तोच ताप दुसऱ्यांदा आणता येते का?” त्या म्हणाल्या. “मी आता आठवून आठवून लिहून राहिली. तेव्हा आठवून नव्हती लिहिली.”

मी म्हटलं, नक्कल मीच केली आहे, बरीच वाक्यं माझ्या डोक्यात आहेत, मी बसवून देतो.

“नका जी. मग बाबा तुम्हाला ओळखतील.”

असे दिवस चालले होते. अमरावतीहून येणाऱ्या कार्डांवर अक्षर मोठं मोठं होत होतं. ओळी कडेवरून खाली घसरत. एका कार्डात वडिलांनी लिहिलं की मासिकातल्या जाहिराती आता सोडून देतो, नुसता मजकूर वाचतो. वहिनींनी ते कार्ड फळीवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, एकदा जाऊन या ना रावसाहेबांकडे. मी गेलो. ते ‘बाजारपेठ: एक सामाजिक संस्था’ इथपर्यंत आले होते. मला पहिल्यांदाच आशा वाटली.

पौषात अभिप्राय संपला. रावसाहेबांनी निरोप पाठवून मला बोलावलं आणि सांगितलं की अंक नागपूरला मी स्वतः रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतो, सोबत पत्र देतो. तुमच्यासारख्या तरुणाने पाठवण्यापेक्षा ते बरं. मला हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. संक्रांतीला अजून थोडा अवकाश होता. वहिनींनी तिळाची वडी केली. दादाला वाटलं ती सणाची आहे.

रावसाहेबांच्या बंगल्यावरच्या हळदीकुंकवाला वहिनी गेल्या होत्या. रावसाहेबांच्या पत्नी फारशा बोलणाऱ्या नव्हत्या, पण कुंकू लावताना त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की तुमचे दीर इतके हेलपाटे घालतात त्यावरूनच कळलं, तुमची गोष्ट मी वाचली हो. दुपारी हे झोपले की टेबलावरचा अंक उघडून थोडी थोडी वाचायचे. भोपळ्याच्या जागी हसू आवरेना, तोंडात पदर धरला, नाहीतर हे जागे व्हायचे. मग त्यांनी विचारलं, ती पुढे त्याच भाजीवाल्याकडे जाते का? वहिनी म्हणाल्या, जाते. “मला वाटलंच,” रावसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

हा त्या कथेवरचा माझ्या माहितीतला एकमेव वाङ्मयीन अभिप्राय.

मासिकाचा वर्षारंभ अंक कॉलेजच्या वाचनालयात आला तेव्हा तो मी शिपायाच्या हातूनच घेतला. अनुक्रमणिकेत रावसाहेबांचं नाव सर्वांत वर होतं. लेखाचं शीर्षक ‘एका भगिनीची कथा: एक चिंतन’. वेद, आख्यानं, महानुभाव, स्त्री म्हणजे काय, बाजारपेठ, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या परिच्छेदात कथेचा उल्लेख आला होता आणि तिला उच्च कोटीची म्हटलं होतं. खाली बारीक टायपात संपादकांची टीप होती की प्रस्तुत लेखात चर्चिलेली कथा जागेअभावी देता आली नाही.

मी अंक पुन्हा पहिल्यापासून चाळला. मग रावसाहेबांचा लेख सावकाश वाचला, या आशेने की त्यांनी कुठेतरी कथेतलं काही उद्धृत केलं असेल. वहिनींच्या वडिलांना दोन ओळी पुरत. एवढ्या मोठ्या लेखात त्या कथेतली एक ओळही नव्हती. संस्कृत अवतरणं भरपूर होती.

वहिनींना मी अंक दाखवला. त्यांनी उभ्याउभ्याच पाहिला, टीप वाचली, आणि अंक माझ्या हाती देऊन दूध बघायला गेल्या. दूध चुलीवर नव्हतं.

मी संपादकांना पत्र लिहिलं. जितकं रागावता येईल तितकं रागावून लिहिलं आणि मग जितकं सभ्य करता येईल तितकं केलं. पाठवलं ते फारच सभ्य होतं. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. म्हणाले, कथा उत्तम आहे. पण प्रांतातल्या शाळा हेच आमचे निम्मे वर्गणीदार, आणि रावसाहेबांचा लेख नाकारणं अवघड होतं. तो कापणं त्याहून अवघड. मी लिहिलं, मग कथा पुढच्या महिन्यात घ्या. त्यावर उत्तर आलं की ज्या कृतीची समीक्षा येऊन गेली ती नवी म्हणून कशी छापावी? वाचक म्हणतील, मासिक शिळं देतं. पुढेमागे एखाद्या संग्रहासाठी जरूर विचार करू.

या पत्रात मला तर्काची चूक सापडेना. तिथेच मी मराठी टीकेविषयीचा माझा उत्साह सोडला.

अमरावतीचं कार्ड फाल्गुनात आलं. अक्षर आता इतकं मोठं होतं की एका बाजूवर चार ओळी मावल्या होत्या. वडिलांनी लिहिलं होतं की तुमच्या जबलपूरच्या रावसाहेबांचा लेख भिंगाने तीन दिवस वाचला, डोळ्याला त्रास झाला पण पुरा केला. विद्वान माणूस. ज्या कथेवर एवढं लिहिलं ती चांगली असावी. लेखिका कोणी प्रौढ, संस्कृत जाणणारी बाई दिसते. तुझी ओळख असेल तर माझा नमस्कार सांग.

वहिनींनी कार्ड मला वाचायला दिलं.

“सांगितला नमस्कार,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आता तरी त्यांना कळवा की ती तुम्हीच. त्या म्हणाल्या, सांगितल्यावर ते ओळखणं थोडंच होते. अंक नागपूरहून परत आला की कथा उतरवून काढू, उन्हाळ्यात माहेरी जाईन तेव्हा त्यांच्यासमोर ठेवीन, काही न बोलता. म्हणजे अजून त्यांनी सोडलेलं नव्हतं.

अंक परत आला तो पुन्हा रावसाहेबांकडे, कारण पाकिटावर त्यांचा पत्ता होता. आणि तिथून क्रमाने प्राध्यापकांकडे. मी कनिष्ठ, माझ्यापर्यंत यायला वैशाख लागला. चैत्रात अमरावतीला मोतीबिंदू पिकला आणि डॉक्टरांनी तो काढला. पट्टी सोडल्यावर त्यांना उजेड दिसू लागला, माणूस आला-गेला कळू लागलं. अक्षर दिसलं नाही. वहिनी उन्हाळ्यात माहेरी गेल्या, मी केलेली नक्कल ट्रंकेत होती. त्यांनी ती वडिलांना वाचून दाखवली का, हे त्या परत आल्यावर मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी वाचली असती तर आवाजावरूनच ओळखली असती ना त्यांनी. कोणीही ओळखलं असतं.

त्यानंतर त्यांनी मंडळासाठी काही लिहिलं नाही. मंडळाने मागितलंही नाही. पुढच्या वर्षी भगिनींचा कोटा लोणचं, मुरंबा आणि बालसंगोपन यांनी भरला.

पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या सभेत मंडळाच्या हस्तलिखितातला मजकूर प्रथमच नागपूरच्या छापील मासिकात झळकल्याबद्दल अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव आला. एका प्राध्यापकांनी तो मांडला. अनुमोदन दादाने दिलं.